मादाम सातां: एका कपडेपटवाल्याने पाहिलेला सिनेमा

सिनेमा सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, मी पुतण्याला म्हटलं, "थांबव रे. जरा मागे घे."

कॅबरेच्या स्टेजवर एक बाई अरबी गोष्टींतल्या शहरजादीचं सोंग घेऊन गातेय, बोलतेय. दिवे सगळे तिच्यावर. आणि विंगेत, मण्यांच्या माळांआड, तिचे कपडे सांभाळणारा माणूस उभा आहे. काळा, पीळदार अंगाचा, तिशीतला. बाई जे बोलतेय ते त्याच्याही ओठांवर आहे, फक्त आवाज नाही. तिची मान वळली की याची वळते, तिची पापणी मिटली की याची मिटते. आपल्याला कुणी बघत नाहीये याची त्याला पुरती खात्री आहे.

"काका, यात मागे घेण्यासारखं काय होतं?" पुतण्याने विचारलं. त्याला काय सांगणार! तीसएक वर्षं मी विंगेत असाच उभा राहिलोय.

मी नाटकाचा कपडेपट सांभाळतो. नाटकवाल्यांना फोड करून सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. प्रयोगाच्या तीन तास आधी पेट्या उघडायच्या, इस्त्री करायची, कुणाचं काज फाटलंय, कुणाची बाही उसवलीय ते बघायचं. मधल्या अंधारात मिनिटाच्या आत नटीला एका साडीतून काढून दुसरीत घालायचं. प्रयोग संपला की घामाने चिंब झालेले कपडे उलटे करून बसच्या दांडीला टांगायचे आणि पुढच्या गावाला निघायचं. नट बदलत राहतात, मी तोच. म्हणून नाटक मला त्यांच्यापेक्षा जास्त पाठ असतं. कुणी म्हणून दाखव म्हणत नाही, ही गोष्ट वेगळी.

तर 'मादाम सातां' हा ब्राझीलचा सिनेमा. २००२ साली आला, पावणेदोन तासांचा आहे, भाषा पोर्तुगीज. खाली इंग्रजी अक्षरं धावतात, ती वाचताना माझी जरा धावपळ झाली. दिग्दर्शक करीम आयनूझ. त्याचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा, आणि तो थेट फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. नाव ऐकून भुताखेताचं काही असेल असं वाटलं होतं. सातां म्हणजे सैतानच. पण गोष्ट खऱ्या माणसाची आहे. जुआंव फ्रांसिस्को दोस सान्तोस हे त्याचं नाव; विंगेत उभा असलेला तो माणूस म्हणजे हाच. १९०० साली ब्राझीलच्या ईशान्येला पेर्नाम्बुकोत जन्मला. गुलामांच्या वंशातला. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १८८८ साली, म्हणजे याच्या जन्माआधी जेमतेम बारा वर्षं. घरात ढीगभर भावंडं. सात-आठ वर्षांचा असताना आईने त्याला एका घोड्यांच्या व्यापाऱ्याला दिला आणि बदल्यात घोडी घेतली, असं तो पुढे स्वतःच सांगायचा. पोर देऊन घोडी. तिथून पळत, भटकत तो रिओ शहरात लापा नावाच्या वस्तीत येऊन पडला. दारूचे गुत्ते, कोठे, जुगाराचे अड्डे, रात्रीची गाणी, सगळं एकाच आळीत.

सिनेमा मात्र जन्मापासून सुरू होत नाही, हे फार बरं केलंय. चरित्रपट म्हटलं की आपल्याकडे पाळणा, मग शाळेतला मार, मग एकदम मोठेपणीचा नट धावत येतो. इथे पहिल्याच चौकटीत १९३२ सालच्या जुआंवचा चेहरा आहे. मारून सुजवलेला. तो कॅमेऱ्याकडे बघतोय आणि एक सरकारी आवाज त्याची नोंद वाचतोय: भुवया काढतो, बायकांची नक्कल करतो, आवाजसुद्धा बदलतो, धर्म नाही, दारू पितो, जुगार खेळतो, शिक्षण यथातथा, संगत वाईट. वाचणाऱ्याच्या आवाजात राग नाही की तिटकारा नाही. माल उतरवून घेताना गोदामातला कारकून यादी वाचतो तसा.

यादी हा माझ्या धंद्यातला जिव्हाळ्याचा विषय. प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली असते. धोतरं सात, उपरणी चार, अंगरखा एक, डाव्या बाहीला डाग. त्यात कपड्याचं सगळं येतं, फक्त तो अंगावर चढल्यावर काय होतो ते येत नाही. ती पोलिसांची यादी ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे त्या पेट्याच आल्या. नंतर पुन्हा तोच चेहरा, तीच यादी येते. शब्द तेच असतात, पण मधल्या वेळात तो माणूस आपण पाहिलेला असतो.

आता त्याच्या घराबद्दल. घर म्हणजे खोलीच. तिथे लॉरिता राहते, ती धंदा करते, तिची लहानगी मुलगी आहे, आणि ताबू नावाचा एक बायकी चालीचा पोरगा आहे, तोही अंग विकतो आणि घरचं कामही करतो. जुआंव या सगळ्यांचा बाप, नवरा, मुकादम, जे म्हणाल ते. गिऱ्हाईक घरी आणून तिघं मिळून त्याला लुबाडतात. पैसे आले की नटून-थटून बाहेर पडतात. एकदा असेच हाय लाइफ नावाच्या क्लबच्या दारात जातात, आणि दारावरचा माणूस त्यांना आत सोडत नाही. जुआंव हात उगारत नाही, पाय उगारतो. तो कापोएरा खेळणारा आहे. गुलामांनी जपलेली ही मारामारी बघताना नाच वाटतो. १८९०च्या दंडसंहितेत ब्राझील सरकारने ती खेळणंच गुन्हा ठरवलं होतं. लाझारो रामोस हा नट ती लाथ अशी फिरवतो की मारामारी कुठे संपली आणि नाच कुठे सुरू झाला ते कळत नाही. त्याचं अंगच तसं तयार आहे. मारायला आणि मिरवायला एकच अंग, दुसरं आणणार कुठून?

गरिबी दाखवताना सिनेमावाले दोन चुका हमखास करतात. एक तर कपडे नीट टापटीप धुतलेले आणि वर हिशेबात फाडलेले असतात, नाहीतर सगळ्यांना एकाच मळकट रंगात बुडवून काढलेलं असतं. इथे वेशभूषा रिता मुर्तिन्यो या बाईंची आहे. मी त्यांना ओळखायचं कारण नाही, पण त्यांनी कधीतरी स्वतः कपडे धुतलेले असणार. या लोकांचे कपडे खूप वेळा धुतलेले दिसतात. धुऊन धुऊन विरलेले, पण चापून नेसलेले. जुआंवचा पांढरा कोट-पाटलोण बघा. गरीब माणूस पांढरं घालतो तेव्हा त्यामागे किती साबण आणि किती माज असतो, ते अंगावर पांढरं घालून लोकलने गेलेल्यालाच कळेल.

आणि घाम. वाल्टर कार्वाल्यो या छायाचित्रकाराने कॅमेरा इतका जवळ नेलाय की कातडीच कापड झालीय. खोल्या अंधाऱ्या, दिवा एखादाच. त्यात गळ्यावरचा घाम चमकतो तो टिकल्यांसारखा. काही ठिकाणी मात्र हा अंधार अति झालाय. दोन प्रसंगांत कोण कुणाला मारतंय तेच मला कळलं नाही. पुतण्याने पडद्याचा उजेड वाढवून पाहिला, तरी नाही.

ज्या प्रसंगासाठी मी हे सगळं लिहायला बसलो तो आता सांगतो. विंगेतली ती नक्कल शेवटी पकडली जाते. तिचा पोशाख लावून तिच्यासारखं करत असताना बाई त्याला बघते, आणि मग तिच्या तोंडाला धरबंध राहत नाही. रेनाता सोरा या नटीने तो तिरस्कार चांगला आणलाय. आपला कपडा नोकराने अंगाला लावला याची शिसारी तिच्या बोटांच्या टोकांपर्यंत दिसते. जुआंव तिथून मालकाकडे जातो. थकलेले पैसे मागतो. मालक देत नाही. मग तो घेतो, स्वतःच्या हाताने. आणि जे त्याच्या कष्टाचं होतं त्याची चोरी होते, पोलीस मागे लागतात.

आमच्याकडे प्रयोगाच्या पैशाला 'नाईट' म्हणतात. अकरा नाइटी थकलेल्या असताना मीही एकदा असंच केलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, ती आता बंद आहे आणि मालकही गेला. "पुढच्या दौऱ्यात देतो" हे वाक्य तीन दौरे ऐकल्यावर एका पहाटे बस थांबली तेव्हा मी एक पेटी उचलली आणि रिक्षात घालून घरी आणली. दोन दिवस ती माझ्या मोरीच्या कडेला पडून होती. बायको म्हणाली, विका आता ती धोतरं. तिसऱ्या दिवशी फोन आला, "शुक्रवारी शिवाजी मंदिरला प्रयोग आहे, पेटी घेऊन ये." आणि मी गेलो! नुसता गेलो नाही, गुरुवारी रात्री बसून सगळ्या कपड्यांना इस्त्री केली. अकरापैकी चार नाइटी मिळाल्या. म्हणून जुआंवने मालकाच्या खोलीचं दार लावलं तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. घे रे बाबा, मोजून घे.

एक गंमत सांगतो. पोर्तुगीज ऐकताना मधेच ओळखीचं काहीतरी कानाला लागतं. आपल्या मराठीत त्यांचे शब्द आहेतच की. पगार त्यांचा, इस्त्री त्यांची, काज त्यांचं, फीत त्यांची, आणि तुरुंगसुद्धा त्यांचाच. एवढ्या पाच शब्दांत जुआंवचा अर्धा जन्म बसतो, त्यातले चार माझ्याही जन्माला लागू पडतात.

मधल्या भागात सिनेमा थोडा रेंगाळतो. रेनातिन्यो नावाच्या देखण्या चोरट्याबरोबरचं प्रेमप्रकरण आहे, त्यात शरीराचे प्रसंग उघडे आहेत. पुतण्या फोनमध्ये तोंड घालून बसला आणि मी पाणी प्यायला उठलो. मुलाबाळांसमोर लावायचा सिनेमा नाही, एवढं सांगून पुढे जातो.

मग येतो आमादोरचा बार, दानुबियो अझूल. आमादोर हा म्हातारा, प्रेमळ मालक. कटकट करतो पण जुआंवला जागा देतो. तिथे जुआंव पहिल्यांदा स्वतःच्या नावावर, म्हणजे स्वतः रचलेल्या नावांवर, उभा राहतो. त्याची कहाणी ऐका: चीन देशात एक क्रूर शार्क मासा होता, दिसेल ते चावायचा. त्याला आवरायला तिजूकाच्या जंगलातून जामासी नावाची शक्ती आली, सोनेरी वाघीण झाली. दोघांची झुंज चालली एक हजार एक रात्री. शेवटी दोघंही इतके घायाळ झाले की कोण कुठला ते ओळखू येईना, आणि दोघांचं मिळून एकच रूप झालं. तीच ही, तुमच्यासमोर उभी. शहरजादीच्या हजार रात्री त्याने विंगेतून उचलल्या, चीन कुठून ऐकून उचलला, आणि जंगल स्वतःच्या शहराजवळचं घातलं. हे शिवणकाम माझ्या परिचयाचं आहे. तीन जुन्या साड्यांचे काठ जोडून एक नवा शालू करतात ना, तसं. जवळून सांधे दिसतात. पण आठव्या रांगेतून? राणी.

त्याचा पोशाखही तसाच. वीग नाही, छातीला भरण नाही. उघडी पुरुषी छाती, त्यावर माळा, तोंडावर चमकी, कमरेखाली झुलणारं काहीतरी. आपल्याकडचा स्त्रीपार्ट करणारा नट आधी पुरुषाला पूर्ण झाकायचा. बालगंधर्वांचं तर असं की त्यांच्या लुगड्याची, गजऱ्याची नक्कल घरंदाज बायका करायच्या. म्हणून त्यांना मान. उलट तमाशातल्या नाच्याला लोक हसले. त्याने झाकलं नाही, दोन्ही दिसू दिलं. गणपत पाटलांनी पडद्यावर नाच्या उभा केला तो इतका, की पडद्याबाहेरही लोक त्यांच्याकडे त्याच नजरेने बघत राहिले. जुआंव या दुसऱ्या रांगेतला. आणि वर तो लाथ मारतो, त्यामुळे हसायचीही पंचाईत.

प्रयोग रंगतो. लोक टाळ्या वाजवतात. लाझारो रामोसचं त्या क्षणीचं तोंड विसरणं शक्य नाही. इतका खूश झालेला माणूस, की त्याच्यासाठी आपल्याच पोटात गोळा यावा. आणि येतोच. एक दारुडा त्याला घाण शिवी घालतो, आणि घालतच राहतो. जुआंव आधी निघून जातो. मग परत येतो. हातात पिस्तूल. गोळी पाठीत. दिग्दर्शकाने इथे संगीत वाजवून आपल्याला त्याच्या बाजूला ओढलेलं नाही, की त्याला दोषही दिलेला नाही. चमकी अजून गालावर आहे, आणि खाली एक माणूस मेलेला आहे.

जुआंवला देव केलेलं नाही, हेच मला या सिनेमात सगळ्यात आवडलं. तो ताबूला मारतो, घालून-पाडून बोलतो. क्लबच्या दारात आपल्याला जे ऐकावं लागलं तेच घरी येऊन ताबूला ऐकवतो. फ्लावियो बाउराकीने ताबू असा केलाय की मार खाऊनही तो परत कंगवा फिरवतो, आणि तेव्हा आपल्याला जुआंवचा राग येतो. यायलाच हवा. तक्रार आहे ती लॉरिताबद्दल. मार्सेलिया कार्ताशो ही डोळ्यांनी बोलणारी नटी आहे, पण तिला बघत राहण्यापलीकडे काम फार दिलेलं नाही. एवढी बाई, एवढं लेकरू, आणि सिनेमा तिला विंगेतच ठेवतो.

दुसरी तक्रार शेवटाची. तुरुंगवास झर्रकन संपतो आणि एकदम कार्निव्हल, म्हणजे तिकडचा सोंगं घेऊन नाचण्या-गाण्याचा उत्सव. खऱ्या जुआंवने आयुष्यातली जवळजवळ २७ वर्षं गजांआड काढली, त्यातली बरीचशी इल्या ग्रांदे बेटावरच्या तुरुंगात. 'मादाम सातां' हे नाव त्याला कार्निव्हलमधल्या पोशाखांच्या स्पर्धेनंतर चिकटलं. सेसिल बी. डमिल या हॉलिवुडवाल्याचा त्या नावाचा १९३०चा सिनेमा होता, त्यावरून. मूळ पोशाख म्हणे वटवाघळावरून केलेला. वटवाघूळ! टिकल्या लावलेलं वटवाघूळ! त्याचे पंख कशावर ताणले, वेताच्या काड्या घातल्या की तार, हे मला पाहायचं होतं. सिनेमात पोशाख लखलखतो, पण तो शिवताना कुणी दिसत नाही. दोन मिनिटं सुई-दोरा दाखवला असता तर काय बिघडलं असतं? कपडे तयारच येतात असं सगळ्याच सिनेमावाल्यांना वाटतं.

पुढे १९७१ साली 'ओ पास्किम' या साप्ताहिकाने त्याची मुलाखत घेतली. तेव्हा तिकडे लष्कराची राजवट होती, आणि तरुण पोरांना हा म्हातारा एकदम हीरो वाटला. पुढच्या वर्षी आठवणींचं पुस्तक आलं. १९७६च्या एप्रिलमध्ये तो गेला. यातलं काहीच सिनेमात येत नाही. एकाच काळाला धरून राहायचं ठरवलं असणार, आणि ते बरोबरच आहे. मला आपलं पुढे काय झालं ते बघायची खोड.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. अर्धा अंधारासाठी कापला, अर्धा लॉरितासाठी.

माझ्याकडे एक पोरगा येतो. दिवसा पार्सलं पोचवतो, रात्री पुरुषांच्या लावणीच्या कार्यक्रमात नाचतो. त्याची नऊवारी मी शिवून दिलीय, हूकवाली, पाच मिनिटांत चढणारी. ती तो घरी नेत नाही. निळ्या पिशवीत घालून माझ्या दाराच्या मागे खिळ्याला लावून जातो. चाळही तिथेच, दोन्ही पायांचे मिळून पाच किलो. खिळा दोनदा निघालाय, आता मी त्याला लाकडी गुल्ली ठोकलीय. परवा तो पिशवी न्यायला आला तेव्हा त्याला म्हटलं, बस, एक दाखवतो. तो नुसता शेवट बघायला बसला, कार्यक्रमाची गाडी नाक्यावर यायची होती.

जुआंव चमचमत नाचायला लागला तसा हा पडद्याला नाक लावून बसला. "मामा, थांबवा. तोंडावरच्या टिकल्या जाळीवर शिवल्यात की कातडीला चिकटवल्यात?"

मागे घेतलं. तीनदा बघितलं.

"चिकटवल्यात," मी म्हटलं.

"काढताना जीव जात असेल."

"खोबरेल लावायचं आधी. मग येतात."

त्याने मान हलवली, पिशवी काढली, नऊवारी उलगडून डावीकडचा हूक मला दाखवला. सैल झाला होता. मी चष्मा शोधला, सुईत दोरा ओवला. खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता.